मासळीचे कल्ले बघता, तसा स्टोमाचा रंगही रोज बघा



आज या पेजवर सबसिडीचे, बंदीचे किंवा जेटीचे काही नाही. आज पोटावरच्या पिशवीबद्दल लिहीत आहोत. कोलोस्टॉमीबद्दल. विषय वाचून कोणी पुढे सरकू नका. आपल्या सोसायटीतल्या एका घरावर ही वेळ आली आहे, उद्या दुसऱ्या घरावर येईल. त्या सभासदाने आणि त्याच्या बायकोने स्वतःहून सांगितले, "नाव घालू नका, पण लिहा. कोणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून हे लिहिले.

गेल्या वर्षी हा सभासद सर्वसाधारण सभेला आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी आला होता, तो दाराजवळ बसला आणि चहा यायच्या आधी उठून गेला. आम्हाला वाटले, रागावला. होडीच्या कागदांवरून ऑफिसात थोडी बोलाचाली झाली होती, तीच मनात धरून बसला असेल. कोणी फोन केला नाही. आम्हीही केला नाही, हे आधीच कबूल करतो.

खरी गोष्ट वेगळी होती. त्याच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली होती. ऑपरेशन झाले आणि पोटाच्या डाव्या बाजूला कोलोस्टॉमी केली. घरच्या चार माणसांशिवाय गावात कोणालाच माहीत नव्हते. सभेत बसलो आणि पिशवीचा आवाज आला तर? वास आला तर? एवढ्यासाठी माणूस दोन वर्षे घराबाहेर पडताना दहा वेळा विचार करत होता.

यंदा बंदी उठली. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी रापणीला माणूस कमी पडला म्हणून तो उभा राहिला. जुनी सवय, दोर कमरेला लावला आणि ओढला. रात्री पोट जड वाटले, झोपून गेला. सकाळी बायको प्लेट बदलायला बसली आणि थांबली. रोज तांबडा असणारा स्टोमा वांग्याच्या रंगाचा दिसत होता.

तो म्हणाला, "दुखत नाय, मग दोतोराकडे कित्याक? सण जाऊंदे."

तिने ऐकले नाही. पडवीवर निळी ताडपत्री होती, तिच्याखाली सगळेच निळे दिसते, म्हणून त्याला उघड्यावर उजेडात आणले आणि पुन्हा बघितले. रंग तोच. भाड्याची गाडी करून सरळ इस्पितळात नेले. डॉक्टरांनी सांगितले, ओढकामामुळे स्टोमा फुगला, प्लेटचे भोक मात्र जुन्याच मापाचे, वरून कमरेचा दाब. त्यामुळे स्टोमाचा रक्तपुरवठा अडत होता. वेळेवर आलात, नाहीतर पुन्हा टेबलावर घ्यावे लागले असते. दुसऱ्या दिवशी रंग परत आला. सण इस्पितळातच झाला, पण माणूस चालत घरी आला.

या गोष्टीत शिकण्यासारखे सगळे आहे. म्हणून आता नीट, एकेक करून सांगतो.

स्टोमा म्हणजे काय

मोठे आतडे खालच्या बाजूला बंद पडले, फुटले, गाठीमुळे कापावे लागले किंवा अपघातात इजा झाली, की डॉक्टर आतड्याचे टोक पोटावर आणून शिवतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी. शौच तिथून पिशवीत येते. काहींची कोलोस्टॉमी काही महिन्यांपुरती असते, आतले भरून आले की आतडे पुन्हा जोडतात. काहींची कायमची असते. जन्मतःच शौचाची जागा नसलेल्या किंवा आतड्याचा दोष असलेल्या बाळांनाही करावी लागते.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढचे 6 ते 8 आठवडे तो हळूहळू लहान होतो. म्हणून पहिल्या दिवसाचे माप पुढे चालत नाही. या दिवसांत दर आठवड्याला माप घ्यायचे. मापाचे कार्ड बहुतेक वेळा पिशव्यांच्या पेटीतच मिळते.

दुखत नाही, घोळ इथेच आहे

स्टोमाला हात लागला, घासला, अगदी कापला गेला तरी तिथे दुखत नाही. आतड्याच्या त्या अस्तराला आपल्या कातडीसारखी दुखण्याची जाणीवच नसते. दुखते ते आजूबाजूच्या कातडीला, किंवा आत पोटात कळ येते ती वेगळी.

आपण दर्यावरची माणसे. काटा लागला, हूक घुसला, दुखते तोवर दुखणे, थांबले की कामाला. ही सवय इथे चालत नाही. स्टोमा दुखून सांगत नाही, रंगावरून सांगतो. म्हणून दिवसातून एकदा तरी डोळ्यांनी बघितलेच पाहिजे. पारदर्शक पिशवी असेल तर प्लेट न काढताही बघता येते. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत तशी पिशवी लावतात ती यासाठीच.

रंग कसा वाचायचा

बाजारात बांगडा हातात घेतला की आपण आधी काय बघतो? कल्ले उचलतो. लाल आणि ओले असतील तर ताजा. तपकिरी, राखाडी झाले की ठेवून देतो. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. हीच नजर इथे लावायची.

गुलाबी ते लाल, ओला, चमकणारा: चांगला. तोंडात गालाच्या आतल्या बाजूचा जो रंग तोच. पुसताना कापडाला रक्ताचा ठिपका लागला तरी घाबरायचे नाही, तिथल्या रक्तवाहिन्या अगदी वरवर असतात. मात्र रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त येते, ते डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

फिकट, पांढुरका: अंगात रक्त कमी असू शकते. एकदोन दिवसांत दाखवा आणि रक्त तपासून घ्या.

गडद लाल, जांभळा, निळसर: रक्तपुरवठा कुठेतरी अडतो आहे. कमरेचा पट्टा, लुंगीची गाठ, घट्ट चड्डी सोडा. प्लेटचे भोक तंग असेल तर प्लेट काढा. रंग लगेच परतला नाही तर त्याच दिवशी इस्पितळ. परतला तरी माप पुन्हा घ्या, नर्सला दाखवा.

तपकिरी, राखाडी, काळा, कोरडा, चमक गेलेला: थांबायचे नाही. रात्र असो, सण असो, 108 ला फोन करा. त्या भागाला रक्त मिळत नाही असा याचा अर्थ असू शकतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा धोका सगळ्यात जास्त. तेव्हा माणूस बहुधा इस्पितळातच असतो, पण लवकर घरी पाठवले असेल तर घरच्यांनी बघायला हवे.

बाळांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. बाळ जोरात रडले की स्टोमाचा रंग क्षणभर बदलतो, रडणे थांबले की परत येतो. परत आला नाही तर मात्र दाखवा.

आणि रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात. ताडपत्रीखाली, पिवळ्या बल्बखाली किंवा मोबाईलच्या स्क्रीनवर रंग फसवतो. डॉक्टरांना फोटो पाठवायचा असेल तर खिडकीजवळ बसून काढा. कालचा फोटो असेल तर तोही सोबत पाठवा, म्हणजे फरक कळतो.

रंग बदलला, पण कारण दुसरेच

तांबडी भाजी किंवा बीट खाल्ले की पिशवीत लाल दिसते. रक्त समजून घाबरू नका, आदल्या दिवशी काय खाल्ले ते आठवा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. पण गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट शौच आली तर ते आतल्या रक्ताचे लक्षण असू शकते, लगेच जा.

पोट साफ व्हायला सोनामुखीची चूर्णे महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या आतड्याचे अस्तर तपकिरी दिसू लागते. तसा रंग स्टोमावरही दिसतो. पण ते चूर्णामुळे आहे की रक्त अडल्यामुळे, हे घरी बसून ठरवू नका. डॉक्टर ठरवतील.

दारूने किंवा काविळीने यकृत खराब झालेले असेल तर स्टोमाभोवतीच्या कातडीवर जांभळ्या शिरांचे कडे दिसते. तिथून रक्त आले तर ठिपका नसतो, धार लागते. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तसेच इस्पितळात न्या.

जळजळ, खाज, ओली कातडी

बऱ्याच घरांत हीच तक्रार. स्टोमा बरा असतो, कातडी सोलवटलेली असते. कारण बहुतेक वेळा एकच, प्लेटचे भोक मोठे. मधल्या उघड्या कातडीवर शौच लागते आणि ती जळते. भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटर मोठे ठेवायचे, जास्त नको. लहानही नको, नाहीतर कड स्टोमाला कापते आणि वर सांगितले तसे रक्त अडते.

धुवायला साधे कोमट पाणी पुरे. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल तेल, पावडर यातले काही नको. तेल लागले की प्लेट चिकटत नाही. कातडी पूर्ण सुकवा, मगच प्लेट लावा. लावल्यावर थोडा वेळ तळहाताने दाबून धरा, हाताच्या उबेने ती नीट बसते. काढताना ओरबाडायची नाही, एका हाताने कातडी दाबत दुसऱ्या हाताने हळूहळू सोडवायची. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. पूर्ण भरू दिली तर वजनाने प्लेट सुटते.

प्लेटखाली जळजळ किंवा खाज सुरू झाली तर तिचा दिवस येईपर्यंत थांबू नका. आत गळते आहे असे समजा आणि बदला. वरून दुसरी चिकटपट्टी मारून दिवस ढकलला तर कातडी आणखी जाते. लाल चट्टा आणि त्याच्या कडेने बारीक पुरळ असेल तर घामाची बुरशी असू शकते, त्याला औषध वेगळे लागते. बरी झालेली जागा काही दिवस काळसर दिसते, तो डाग असतो. डाग कातडीवर असतो, स्टोमावर नव्हे. हा फरक ओळखायला शिका.

होडीवर, नदीवर

पिशवी लावून समुद्रावर जाता येते का? येते. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पहिले दोन-तीन महिने जड उचलायचे नाही, इंजिन काढायचे नाही, जाळे ओढायचे नाही. नंतरही स्टोमाजवळ हर्निया होण्याचा धोका राहतोच, कारण तिथे पोटाची भिंत कापलेली असते. आधाराचा पट्टा मिळतो, तो मापाने आणि डॉक्टरांना विचारून घ्या. बाजारातला कोणताही पट्टा स्टोमावर आवळू नका. रापणीचा दोर कमरेला लावणे तर कायमचे बंद. त्या माणसाला दोर गोळा करायचे, मासळी निवडायचे, हिशेबाचे काम द्या. तांडेलांनी एवढे बघावे.

ओढकामानंतर स्टोमा एकदम लांब बाहेर आलेला दिसला तर आडवे व्हा, ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि इस्पितळात जा. घरी जोराने आत ढकलू नका.

खाऱ्या पाण्याने स्टोमाला काही होत नाही. ऊन आणि घाम मात्र प्लेट लवकर सोडवतात. घरी चार दिवस टिकणारी प्लेट उन्हाळ्यात होडीवर दोन दिवसांत सुटेल, ते धरूनच चाला. जाताना दोन प्लेट आणि दोन पिशव्या झाकणाच्या डब्यात न्या. भोक घरीच कापून ठेवा, हलत्या होडीत कात्री धरायची नाही. डबा इंजिनजवळ नको, उन्हात नको, बर्फाच्या पेटीतही नको. मासळीला हात लावला असेल तर साबणाने धुतल्याशिवाय स्टोमाजवळ नेऊ नका. मांडवीत किंवा शापोरात पागेर मारणाऱ्यांनीही हेच करावे, ओली पिशवी अंगावर सुकू देऊ नका. वापरलेली पिशवी पाण्यात टाकायची नाही. रिकामी करून, गुंडाळून कचऱ्यात द्यायची.

खाण्याचे म्हणाल तर शीत-कडी, मासळी सगळे हळूहळू सुरू करता येते. काटे जपून, घास नीट चावून. कोबी, कांदा, अंडी, सुकी मासळी यांनी वारा आणि वास वाढतो, बाहेर जायचे असेल त्या दिवशी टाळा. ताक चालते. पाणी भरपूर प्या. पिशवीत काहीच येत नाही, पोट फुगले आहे, कळा येतात आणि उलटी होते, असे झाले तर आतडे अडलेले असू शकते. रंग चांगला असला तरी लगेच जा.

हे आजचे नाही

1793 साली फ्रान्समधल्या ब्रेस्ट या बंदरात द्युरे नावाच्या सर्जनने तीन दिवसांच्या बाळावर कोलोस्टॉमी केली. त्या बाळाला शौचाची जागाच नव्हती. ते बाळ मोठे झाले आणि 45 वर्षे जगले. तेव्हा आजच्यासारखी चिकटणारी पिशवी नव्हती. ती कल्पना 1954 मध्ये डेन्मार्कच्या एलिझ सोरेनसन या नर्सची. तिच्या बहिणीचे ऑपरेशन झाले होते आणि गळेल या भीतीने बहीण घराबाहेर पडेना. तिच्यासाठी म्हणून एलिझने अंगाला चिकटणाऱ्या पिशवीचा विचार केला. म्हणजे ही पिशवी जन्मली तीच माणसाने घराबाहेर पडावे म्हणून. आणि आपण ती लावून घरात बसतो.

मुंबईत 1975 पासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. परळच्या टाटा मेमोरियल इस्पितळात स्टोमाची काळजी शिकवणाऱ्या खास प्रशिक्षित नर्सेस असतात. कॅन्सरच्या उपचाराला आपल्याकडून टाटाला जाणारे बरेच आहेत. तिथे गेलात तर स्टोमा क्लिनिक विचारा, लाजू नका.

इथे गोव्यात ऑपरेशनसाठी बांबोळीचे गोमेकॉ. पेडण्याच्या लोकांना म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ. डिचोली, साखळी आणि पेडणे इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांतही आधी दाखवता येते, ते पुढे पाठवतात. रंग काळा झाला असेल तर मात्र मधे कुठे थांबू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. कार्डाचे नूतनीकरण राहिले असेल तर आजच करा. आपल्या उपचारात काय बसते ते इस्पितळातल्या काउंटरवर ऑपरेशनच्या आधीच विचारा. कागद भरायला जमत नसेल तर ऑफिसात या, आम्ही भरून देतो.

आता आपल्यासाठी

पिशवी लावलेला माणूस सभेत दाराजवळ बसला तर त्याला कारण विचारू नका. चहा तिथे नेऊन द्या. आवाज झाला तर कोणी मान वळवू नका, वारा सगळ्यांच्याच पोटात असतो. आपल्या ऑफिसच्या मागच्या खोलीला आतून कडी बसवली आहे, आत पाण्याची बादली, आरसा आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा ठेवला आहे. जेटीवर असताना कोणालाही बदलायची वेळ आली तर चावी मागा. कशाला हवी, हे कोणी विचारणार नाही.

घरच्या बायकांना विशेष सांगणे. पुरुष "काय नाय" म्हणेल. तुम्ही उजेडात बघा. त्या सकाळी तिने "सण जाऊंदे" हे ऐकले असते तर आज आम्ही हे वेगळ्या शब्दांत लिहिले असते.

तो सभासद गेल्या आठवड्यात ऑफिसात आला होता. होडीच्या कागदांचे काम होते, ते झाले. चहा पूर्ण घेऊन गेला. पुढच्या सभेला येतो म्हणाला.

तुमच्याही घरी कोणी असेल तर आम्हाला सांगा. कमेंटमध्ये नाव लिहायची गरज नाही, ऑफिसात या किंवा फोन करा.

आपलाच,
सचिव, सोसायटीच्या वतीने